जपानची शिस्त आणि बारा तासांचा दिवस

ऑक्टोबर 2023 मध्ये इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी देशातल्या तरुणांना आठवड्याला 70 तास काम करायचं आवाहन केलं. दाखला दिला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीचा आणि जपानचा. त्यावर बाजूने आणि विरोधात भरपूर बोललं गेलं, पण दाखला खरा आहे का, हे फारसं कुणी तपासलं नाही. मग सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची रोजची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर आणि दुकानं व आस्थापनांमधली 9 वरून 10 तासांवर न्यायला मंजुरी दिली. कारखान्यांतल्या जादा कामाची तिमाही मर्यादाही 115 वरून 144 तासांवर नेली. कामाच्या तासांची चर्चा निघाली की आपल्याकडे जपान हमखास निघतो. जपानी माणूस बघा कसा राबतो, वेळ कशी पाळतो, तोंडातून तक्रार म्हणून निघत नाही, आणि म्हणूनच तो देश राखेतून उभा राहिला, हे आपण इतक्या वेळा ऐकलेलं आहे की ते आता कुणी सिद्ध करत बसत नाही.

जपानकडून घेण्यासारखं खूप आहे असं मलाही मनापासून वाटतं. पण आपल्याला सध्या जे घ्यायला सांगितलं जातंय, ते खुद्द जपान गेली चाळीस वर्षं अंगावरून उतरवायच्या खटपटीत आहे. आणि ज्या गोष्टी खरोखर घेण्यासारख्या आहेत, त्या जास्त तास राबल्यामुळे आलेल्या नाहीत. त्या कायद्यांतून, सरकारी खर्चातून आणि युनियनच्या लढ्यांतून आल्या. जपानी शिस्त रक्तात असते हा समज सोडला, की तिच्यातलं काय घ्यायचं आणि काय नाही हे निवडायला आपण मोकळे होतो.

युद्धानंतरचा जपान राबला यात वाद नाही. पण त्याच काळात तिथे आणखी काय घडलं, ते दाखला देणारे सांगत नाहीत. अमेरिकन ताब्याच्या वर्षांत मोठ्या जमीनदारांच्या जमिनी कुळांना मिळाल्या. 1947 च्या श्रमविषयक कायद्याने आठ तासांचा दिवस ठरवला. युनियनला कायदेशीर बळ मिळालं आणि पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापासून दर वसंत ऋतूत सगळ्या उद्योगांतल्या युनियननी एकाच वेळी पगारवाढ मागायची पद्धत पडली. ती आजही चालू आहे. 1960 मध्ये पंतप्रधान हायातो इकेदा यांनी दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करायची योजना जाहीर केली आणि ते उद्दिष्ट मुदतीच्या आधीच गाठलं. 1961 पर्यंत देशातला प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या आरोग्यविम्याखाली आला. म्हणजे कामगाराने तास दिले, पण त्या बदल्यात त्याला वाढता पगार, दवाखाना आणि निवृत्तीपर्यंतची नोकरी मिळाली. हा व्यवहार होता. आपल्याला त्या व्यवहारातली देण्याची बाजू तेवढी सांगितली जाते.

हा व्यवहार नेमका कसा होता, हे जपानच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवले की फार स्वच्छ दिसतं.

पहिला 1977 चा. कोची या शिकोकू बेटावरच्या शहरातल्या एका प्रसारण कंपनीत एक निवेदक होता. रात्रपाळीला मुक्काम आणि सकाळी सहाला दहा मिनिटांच्या बातम्या वाचणं हे त्याचं काम. एके सकाळी त्याला जाग आली नाही आणि त्या दिवशी बातम्या प्रसारितच झाल्या नाहीत. दोन आठवड्यांच्या आत तो पुन्हा झोपून राहिला आणि आणखी पाचेक मिनिटं बुडाली. दुसऱ्या वेळी त्याने लगेच वरिष्ठांना कळवलंही नाही. कंपनीने त्याला काढून टाकलं. न्यायालय म्हणालं, ही शिक्षा जास्त झाली. त्याला उठवायची जबाबदारी ज्या सहकाऱ्यावर होती तोही झोपलेलाच होता आणि त्याला फक्त समज दिली गेली होती. कंपनीने पर्यायी व्यवस्थाही ठेवलेली नव्हती. बडतर्फी रद्द झाली.

दुसरा निकाल 1986 चा. एका रंगाच्या कंपनीच्या कोबे इथल्या कचेरीत काम करणाऱ्या विक्रेत्याला आधी हिरोशिमाला आणि मग नागोयाला बदली सांगितली. त्याच्या घरी सत्तरी ओलांडलेली आई होती, बायको पाळणाघरात नोकरी करत होती आणि मुलगी दोन वर्षांची होती. तो नाही म्हणाला. कंपनीने त्याला काढलं. खालच्या दोन्ही न्यायालयांनी त्याची बाजू घेतली, पण सर्वोच्च न्यायालयाने ते निकाल फिरवले. घरापासून लांब राहावं लागणं ही अशा नोकरीत सर्वसाधारणपणे सोसण्याजोगी गैरसोय आहे, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

दोनदा झोपून राहिलात तर नोकरी जात नाही, पण आईला आणि दोन वर्षांच्या मुलीला सोडून दुसऱ्या गावी जायला नकार दिलात तर जाते. नोकरी पक्की, मात्र काम कोणतं, कुठल्या गावात आणि किती वाजेपर्यंत, हे सगळं कंपनीच्या हाती. जपानच्या राज्यघटनेच्या 22 व्या कलमाने प्रत्येकाला राहण्याचं ठिकाण आणि व्यवसाय निवडायचं स्वातंत्र्य दिलेलं आहे. लाखो पुरुषांनी ते पक्क्या पगाराच्या बदल्यात चाळीस चाळीस वर्षं कंपनीकडे ठेवून दिलं. घरच्यांना मूळ गावी ठेवून एकट्याने दुसऱ्या शहरात खोली घेऊन राहणं, याला तिथे ‘तान्शिन फुनिन’ म्हणतात आणि ते अगदी सर्रास होतं. मुलं मोठी होईपर्यंत बाप शनिवार-रविवारचा पाहुणा. एप्रिल 2024 मध्ये त्याच न्यायालयाने पहिल्यांदा स्पष्ट म्हटलं, की एखाद्याला ठरावीक कामासाठीच घेतलं असेल तर त्याच्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या प्रकारच्या कामावर टाकता येणार नाही. एवढ्या साध्या गोष्टीला 2024 उजाडावं लागलं.

हा व्यवहारही सगळ्यांच्या वाट्याला आला नाही. मोठ्या कंपन्या विद्यापीठातून बाहेर पडणारी मुलं एकगठ्ठा घेतात आणि सगळी 1 एप्रिलला एकदम रुजू होतात. त्यासाठी काळा सूट घालून वर्ष-सव्वा वर्ष चालणारी नोकरीची मोहीम, ‘शूकात्सु’, ही प्रत्येक पदवीधराच्या आयुष्यातली ठरलेली पायरी. ती चुकली की पुन्हा सहसा मिळत नाही. नव्वदच्या दशकात जमिनीच्या आणि शेअरच्या भावांचा फुगा फुटल्यावर, साधारण 1993 ते 2004 या काळात पदवी घेतलेल्यांना हे दार बंदच दिसलं. त्या पिढीचा दोष एवढाच, की ती चुकीच्या वर्षी पास झाली. त्यांच्यातले कित्येक आज पन्नाशीला आलेत आणि कंत्राटी किंवा अर्धवेळ कामांतच अडकलेले आहेत. सरकारने त्यांच्यासाठी खास योजना आणली ती 2019 मध्ये. आज जपानमधल्या नोकरदारांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोक कायम नोकरीत नाहीत, आणि त्यांत बायका जास्त आहेत. म्हणजे जुन्या सौद्यातली सुरक्षितता आता दोन तृतीयांशांहूनही कमी लोकांपुरती उरली. ‘कंपनी सांगेल ते’ ही अपेक्षा मात्र सगळ्यांकडून केली जाते.

त्या अपेक्षेची किंमत माणसांनी जिवाने मोजली. अतिकामाने येणाऱ्या मृत्यूंची तिथे स्वतंत्र नोंद होते, त्यासाठी वकिलांनी 1988 मध्ये दूरध्वनी मदतसेवा सुरू केली आणि 2014 मध्ये ‘करोशी’, म्हणजे असे अतिकामाचे मृत्यू, रोखण्यासाठी कायदा झाला. देन्त्सू ही जपानमधली सर्वांत मोठी जाहिरात कंपनी. 1991 मध्ये तिथल्या 24 वर्षांच्या एका तरुणाने कामाच्या ताणाने आत्महत्या केली. खटला चालला आणि 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरलं. निकालाची देशभर चर्चा झाली, कायद्याच्या वर्गांत तो शिकवला जाऊ लागला. आणि डिसेंबर 2015 मध्ये, नाताळच्या दिवशी, त्याच कंपनीत रुजू होऊन वर्षही न झालेल्या, टोकियो विद्यापीठातून शिकून आलेल्या 24 वर्षांच्याच एका मुलीने जीव दिला. तिच्या एका महिन्यातल्या जादा कामाचे तास श्रम कार्यालयाने मोजले ते शंभरावर निघाले. कंपनीला दंड झाला 5 लाख येन. आपल्या रुपयांत तेव्हाचे तीन लाखांच्या आसपास.

त्या मृत्यूनंतर जनमत इतकं पेटलं की 2018 मध्ये कामाच्या पद्धतीत सुधारणा करणारा कायदा आला आणि एप्रिल 2019 पासून जादा तासांना पहिल्यांदा दंडासहित कमाल मर्यादा लागली. महिन्याला 45 तास, वर्षाला 360. पण कामाचा खास रेटा असेल तर वर्षाला 720, एका महिन्यात 100 च्या आत, आणि दोन ते सहा महिन्यांची सरासरी 80 च्या आत. हे आकडे नीट वाचावेत. सरकारी निकषानुसार हृदयविकाराने किंवा मेंदूतल्या रक्तस्रावाने आलेला मृत्यू कामामुळे आला असं धरायला आदल्या महिन्यात 100 तास किंवा काही महिन्यांत सरासरी 80 तास जादा काम पुरेसं मानलं जातं. ज्या आकड्यावर माणूस मरू शकतो असं सरकार स्वतः मानतं, तोच आकडा कायद्याने वरची मर्यादा म्हणून ठेवला. मेलेल्यांच्या घरच्यांनी या कलमाला विरोध केला होता. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं. डॉक्टर, ट्रकचालक आणि बांधकाम कामगारांना तर ही मर्यादा आणखी पाच वर्षांनी, एप्रिल 2024 मध्ये लागली, आणि काही डॉक्टरांच्या बाबतीत ती वर्षाला 1,860 तासांपर्यंत सैल आहे.

मूर्तींच्या दाखल्यातला दुसरा देश जर्मनी. तिथे माणूस वर्षाला सरासरी सुमारे 1,340 तास काम करतो, जपानमध्ये सुमारे 1,600. जपानच्या सरासरीत अर्धवेळ काम करणारे खूप असल्यामुळे ती कमी दिसते, पूर्णवेळ माणसाचे तास बरेच जास्त आहेत. अर्धवेळवाले जर्मनीतही पुष्कळ आहेत हे मान्य, पण तासाला होणारं उत्पादन बघितलं तर सात बड्या औद्योगिक देशांत जपान वर्षानुवर्षं तळाशी आहे. 2023 मध्ये जर्मनीची अर्थव्यवस्था डॉलरच्या हिशेबात जपानच्या पुढे गेली. त्यात येन घसरल्याचा मोठा हात होता, तरी दोन तृतीयांश लोकसंख्येच्या देशाने कमी तासांत ते केलं. जर्मनीत सुट्टीवर असताना आजारी पडलात आणि डॉक्टरचं पत्र दिलंत, तर ते दिवस सुट्टीतून कापले जात नाहीत. जपानमध्ये आजारपणाची वेगळी भरपगारी रजा कायद्यात नाहीच. विम्यातून पगाराचा दोन तृतीयांश मिळतो, तोही चौथ्या दिवसापासून. म्हणून ताप आला की लोक हक्काची वार्षिक रजा टाकतात, आणि कधी आजारी पडू हे सांगता येत नाही म्हणून ती वर्षभर जपून ठेवतात. रजा असून न घेणं याला बाहेरचे लोक जपानी निष्ठा समजतात. 2018 च्या त्याच सुधारणा कायद्याने वर्षाला निदान पाच दिवस रजा द्यायचं बंधन कंपनीवर घातलं, म्हणजे रजा घ्यायला लावण्यासाठी कायदा करावा लागला.

नोकरी सोडणंही तसंच. मुदत नसलेल्या नोकरीचा राजीनामा दोन आठवड्यांची सूचना देऊन देता येतो, हे तिथल्या नागरी संहितेच्या 627 व्या कलमात स्वच्छ लिहिलेलं आहे. तरीही आज जपानमध्ये वीस-तीस हजार येन घेऊन तुमच्या वतीने साहेबाला फोन करून ‘हे उद्यापासून येणार नाहीत’ असं कळवणाऱ्या संस्थांचा धंदा जोरात आहे. कायदा आहे, हक्क आहे, पण तो तोंडाने मागायची हिंमत विकत घ्यावी लागते. हे कशामुळे होतं, ते शोधायला शाळेत जावं लागेल.

जपानी शाळांबद्दल आपल्याकडे फिरणारे संदेश प्रत्येकाने वाचलेत. चौथीपर्यंत परीक्षा नसतात, शाळेत सफाई कामगार नसतात, मुलंच सगळं करतात. यातलं पहिलं खोटं आहे. पहिलीपासून धड्याधड्याला लेखी चाचण्या असतात आणि प्रगतिपुस्तकही असतं. दुसरं अर्धं खरं आहे. मुलं रोज वर्ग, जिने, संडास झाडतात-पुसतात, पण देखभालीला नेमलेले कर्मचारी शाळांना असतात. खऱ्या गोष्टी या संदेशांपेक्षा जास्त चांगल्या आहेत, म्हणून त्या नीट सांगायला हव्यात.

दुपारचं जेवण घ्या. घंटा झाली की पाळी असलेली मुलं पांढरे डगले, टोप्या आणि मास्क चढवून स्वयंपाकघरातून भाताची आणि सूपची भांडी ढकलगाडीवरून वर्गात आणतात. सात वर्षांचं मूल पळी धरून सगळ्यांना सारखं वाढायचा प्रयत्न करतं. शिक्षक त्याच वर्गात, तेच जेवण, मुलांबरोबर जेवतात. त्याआधी किमान अर्धा तास मुख्याध्यापकांनी किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाने ते जेवण स्वतः खाऊन बघितलेलं असतं. तसा नियमच आहे. शालेय भोजनाचा कायदा 1954 चा. त्याच वर्षी डोंगरातल्या आणि बेटांवरच्या शाळांसाठी वेगळा कायदा झाला आणि तिथे जाणाऱ्या शिक्षकाला जादा भत्ता मिळतो. शिक्षकांची नेमणूक प्रांत करतो आणि काही वर्षांनी त्यांची शाळा बदलते, त्यामुळे चांगले शिक्षक एकाच श्रीमंत वस्तीत साचून राहत नाहीत. पगाराचा एक तृतीयांश भार केंद्र सरकार उचलतं. 2022 च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत जपान विज्ञानात दुसरा, वाचनात तिसरा आणि गणितात पाचवा आला त्याचं मूळ या बरोबरीत आहे. सहा वर्षांचं मूल पाठीवर दप्तर टाकून रिक्षावाले काका किंवा आई नसताना चालत शाळेत जातं. पुण्या-मुंबईत आपण कुठल्या मुलाला हे स्वातंत्र्य देऊ शकतो? आपल्या मुलांचं बालपण आपण व्हॅनमध्ये कोंबून, क्लासच्या फियांमध्ये तोलून संपवतो आणि स्वातंत्र्याबद्दल जपानला शिकवायला जातो, याची मला खंत वाटते. हे आपण शिकावं. यासाठी कुणालाही 70 तास राबावं लागत नाही. फुटपाथ लागतात, वाहनांचा वेग कमी लागतो आणि सरकारी शाळेवर पैसा लागतो.

पण माध्यमिक शाळेपासून याच शाळेचा दुसरा चेहरा दिसू लागतो. ओसाका प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलमधल्या मुलीचे केस जन्मतः तपकिरी होते. शाळेचा नियम काळ्या केसांचा. तिला पुन्हा पुन्हा केस काळे रंगवायला लावले, अगदी डोक्याची कातडी जळजळेपर्यंत. शेवटी ती शाळेत यायची बंद झाली, तर वर्गाच्या यादीतून तिचं नाव आणि वर्गातून तिचं बाक काढून टाकलं. 2017 मध्ये ती न्यायालयात गेली. 2021 मध्ये ओसाकाच्या जिल्हा न्यायालयाने यादीतून नाव काढल्याबद्दल 3 लाख 30 हजार येनची भरपाई दिली, पण केसांचा नियम आणि त्याची अंमलबजावणी शाळेच्या अधिकारात बसते असं म्हटलं. टोकियोच्या सरकारी हायस्कूलांनी केसांचे आणि आतल्या कपड्यांच्या रंगांचे असले नियम 2022 मध्ये काढले. त्याआधी, जुलै 1990 मध्ये, कोबेमधल्या एका हायस्कूलमध्ये साडेआठच्या ठोक्याला शिक्षकाने लोखंडी फाटक ढकललं आणि धावत आत शिरणारी 15 वर्षांची मुलगी त्यात चिरडून मेली. फाटक वेळेवर लागलं पाहिजे, हे त्या शाळेत इतकं मोठं झालं होतं. शाळेला जे वेळेचं आणि एकसारखेपणाचं वेड लागतं, तेच पुढे कंपनीला आयतं मिळतं. नियम चुकीचा आहे असं मोठ्यांच्या तोंडावर म्हणायची सवय ज्याला सोळाव्या वर्षी लागू दिली नाही, तो तिसाव्या वर्षी राजीनाम्यासाठी दुसऱ्याला पैसे देणारच.

आता मुलंच शाळेकडे पाठ फिरवू लागली आहेत. 2023-24 या शैक्षणिक वर्षात प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळांमधली 3 लाख 46 हजारांहून जास्त मुलं दीर्घकाळ शाळेत गेली नाहीत. 2024 मध्ये 500 हून जास्त शालेय विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. ज्या देशात दरवर्षी कमी कमी मुलं जन्माला येतात, त्या देशात हे आकडे चढताहेत. शिक्षकही यातून सुटलेले नाहीत. 2018 च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत जपानचे कनिष्ठ माध्यमिक शिक्षक आठवड्याला 56 तास काम करताना आढळले, सहभागी देशांत सर्वांत जास्त. सरासरी 38 ची होती. 1971 च्या एका कायद्यामुळे सरकारी शिक्षकांना जादा तासांचा पगार मिळत नाही, पगाराच्या 4 टक्के ठोक रक्कम तेवढी मिळत आली, मग रात्री आठपर्यंत थांबा की दहापर्यंत. 2025 मध्ये ती टप्प्याटप्प्याने 10 टक्क्यांवर न्यायचं ठरलं. मुलं नको म्हणताहेत त्या शाळेत मुलांकडे बघायला वेळ असलेला शिक्षक उरलेला नाही, असं मला या दोन्ही आकड्यांतून दिसतं.

मराठी माणसाचं आणि जपानी शिक्षणाचं एक जुनं नातं आहे. धोंडो केशव कर्व्यांच्या हातात टोकियोतल्या महिला विद्यापीठाची पुस्तिका पडली. ते विद्यापीठ जिन्झो नारुसे यांनी 1901 मध्ये काढलेलं. 1915 च्या सामाजिक परिषदेत अध्यक्ष म्हणून कर्व्यांनी तोच नमुना मांडला आणि पुढच्या वर्षी पुण्यात महिला विद्यापीठ उभं राहिलं. शंभर वर्षांपूर्वी आपण जपानकडून घेतलं ते हे, आणि ते किती नेमकं घेतलं! पण ज्या देशाकडून कर्व्यांनी हे घेतलं, तिथे 2018 मध्ये टोकियोच्या एका वैद्यकीय विद्यापीठाने निदान 2006 पासून प्रवेशपरीक्षेत मुलींचे गुण मुद्दाम कमी केल्याचं उघड झालं. कारण काय दिलं? बाळंतपणानंतर बायका काम सोडतात, आणि मग रुग्णालयाला डॉक्टर कमी पडतात. म्हणजे डॉक्टरने अमर्याद तास दिलेच पाहिजेत हे गृहीत धरलं आणि जिला ते जमणार नाही तिला दारातच अडवलं. तास लांबले की सर्वांत आधी बायका बाहेर पडतात, हे यापेक्षा स्पष्ट दाखवणारं उदाहरण मला ठाऊक नाही. प्रकरण बाहेर आल्यावर गुणांची छेडछाड थांबली आणि 2021 मध्ये देशभरच्या वैद्यकीय प्रवेशांत मुलींचं उत्तीर्ण होण्याचं प्रमाण पहिल्यांदा मुलग्यांच्या पुढे गेलं.

इथेच ‘त्यांची संस्कृतीच तशी’ हा युक्तिवाद गळून पडतो. दुसरं उदाहरण बापांच्या रजेचं. 2012 मध्ये बाळंतपणानंतर रजा घेणारे जपानी बाप 2 टक्केही नव्हते. जपानी पुरुष कामाला वाहून घेतलेला असतो, तो घेणारच नाही, असं छातीठोकपणे सांगितलं जायचं. 2022 मध्ये कायदा बदलला. मूल होणार असलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला कंपनीने स्वतः जाऊन रजेबद्दल सांगायचं आणि त्याचा विचार विचारायचा, मोठ्या कंपन्यांनी आकडा जाहीर करायचा. 2024-25 मध्ये हे प्रमाण 40 टक्क्यांवर पोचलं. माणसं तीच होती.

याला उलटा प्रवाहही आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये सत्ताधारी पक्षाच्या नेतेपदी निवडून आल्यावर साने ताकाइची यांनी काम आणि आयुष्याचा तोल हा शब्दच आपण सोडून देतो, काम, काम, काम करणार, असं जाहीर केलं. अडीच आठवड्यांत त्या जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या आणि जादा तासांची मर्यादा सैल करता येईल का ते बघायला सांगितलं. अतिकामाने माणसं गमावलेल्या कुटुंबांसाठी लढणाऱ्या वकिलांनी त्या उद्गारांचा निषेध केला. ही लढाई तिथे अजून चालू आहे.

ती आपल्यालाही लागू आहे. ऑगस्ट 2025 मध्ये दोन्ही देशांनी पाच वर्षांत 50 हजार कुशल भारतीय जपानला जातील असं ठरवलं. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची परंपरा मोठी आहे, टोकियोच्या एदोगावा भागात मराठी घरं आहेत, तिथल्या पालिकेत 2019 मध्ये निवडून आलेले योगेंद्र पुराणिक पुढे इबाराकी प्रांतातल्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापकही झाले. अभियंत्याच्या व्हिसावर जाणाऱ्याची फार काळजी नाही, तो नोकरी बदलू शकतो. 1993 पासून चालत आलेल्या तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजनेत मात्र परदेशी कामगार एकाच मालकाला बांधलेला असतो. मालक वाईट निघाला तर पळून जाणं एवढाच मार्ग, आणि पळाला की बेकायदा. 2024 मध्ये ही योजना मोडीत काढायचा कायदा झाला. 2027 पासूनच्या नव्या व्यवस्थेत एक-दोन वर्षांनी त्याच क्षेत्रात मालक बदलता येईल. आपली मुलं पाठवणाऱ्या राज्यांनी आणि संस्थांनी ही एकच गोष्ट तरी जाण्याआधी प्रत्येकाला नीट समजावून सांगावी: सोडून जायचा हक्क कधी आणि कसा मिळतो.

महाराष्ट्रातल्या बारा तासांच्या निर्णयाचं समर्थन करताना सरकारने सांगितलं, की जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल. या संमतीचा सर्वांत मोठा अनुभव जपानच्या गाठीशी आहे. तिथल्या श्रम कायद्याच्या 36 व्या कलमानुसार जादा काम घ्यायचं तर मालकाने कामगारांच्या प्रतिनिधीबरोबर लेखी करार करून श्रम कार्यालयात द्यावा लागतो. 1947 पासून हे कलम आहे. कागद दरवर्षी भरले गेले, सह्या झाल्या, आणि खास परिस्थितीचं एक कलम त्यात घातलं की 2019 पर्यंत तासांना वरची मर्यादाच उरत नव्हती. करोशीच्या कित्येक खटल्यांत कंपनीकडे असा रीतसर करार होता. जिथे युनियन मजबूत होती तिथे त्या सहीला अर्थ होता. जिथे नव्हती, तिथे मालकाने पुढे केलेल्या माणसाने मालकाने पुढे केलेल्या कागदावर सही केली. महाराष्ट्रातल्या औद्योगिक वसाहतींत आज पुष्कळ कामगार कंत्राटदारामार्फत येतात, त्यांची युनियन नसते आणि कंत्राट संपलं की नूतनीकरण कंत्राटदाराच्या मर्जीवर. त्यांची लेखी संमती नेमकी कोण तपासणार आहे? युरोपीय संघात दोन पाळ्यांमध्ये सलग 11 तासांची विश्रांती कायद्याने द्यावी लागते. जपानमध्ये 2019 पासून ती केवळ प्रयत्न करायची गोष्ट आहे, आणि तिथल्या कामगार संघटना ती सक्तीची करा म्हणून मागताहेत. आपल्या दुरुस्त्यांमध्ये बारा तास राबून रात्री नऊला सुटलेला, दोन बस बदलून घरी पोचणारा कामगार दुसऱ्या दिवशी किती वाजता पुन्हा फाटकावर उभा राहायचा, आणि जादा कामाला त्याने नाही म्हटलं तर पुढच्या महिन्यात त्याचं काम राहील का, हे कामगारमंत्र्यांनी स्पष्ट लिहून द्यावं.